चहा (वनस्पती)

चहा (शास्त्रीय नाव : कॅमेलिया सायनेन्सिस) हा थिएसी कुळातील, म्हणजेच चहा कुळातील, सदाहरित वृक्ष आहे. मळ्यांमध्ये तो कंबरेएवढ्या उंचीच्या झुडपासारखा दिसतो, कारण वारंवार छाटणी करून त्याची वाढ रोखलेली असते. मोकळा वाढू दिल्यास त्याचा आसामी प्रकार १० ते १५ मीटर उंच होतो. ईशान्य भारत, उत्तर म्यानमार आणि नैर्ऋत्य चीन यांना जोडणारा डोंगराळ पट्टा हे त्याचे मूळस्थान मानले जाते. त्याच्या कोवळ्या पानांपासून व कळ्यांपासून चहा हे पेय तयार होते.

भारतात चहाची लागवड मुख्यतः आसाम, पश्चिम बंगाल, तमिळनाडू व केरळ या राज्यांत होते. महाराष्ट्रातील वर्धा जिल्ह्यात हे झाड नैसर्गिकरीत्या आढळत नाही. तेथील काळी जमीन, कोरडा उन्हाळा आणि चार महिन्यांत आटोपणारा पाऊस त्याला मानवत नाहीत. तरीही चहाच्या पानाच्या गुणदोषांविषयीच्या भारतीय चर्चेत वर्ध्याला स्थान आहे. १९३४ पासून महात्मा गांधींचे वास्तव्य या जिल्ह्यात होते आणि आहार व ग्रामोद्योग यांविषयीच्या त्यांच्या विचारांचे ते केंद्र होते. त्या विचारांत चहातील 'टॅनिन' या घटकावरील आक्षेपाचाही समावेश होता.

नाव

मराठीतील 'चहा', हिंदीतील 'चाय' आणि पोर्तुगीज भाषेतील 'शा' हे शब्द चिनी भाषेतील 'छा' या शब्दापर्यंत जातात. चीनच्या दक्षिण किनाऱ्यावरील मिन बोलीत याच वनस्पतीला 'ते' म्हणतात. डच व्यापाऱ्यांमार्फत हा उच्चार युरोपात गेला आणि त्यापासून इंग्रजीतील 'टी' हा शब्द आला.

मराठी घरांच्या परसात लावला जाणारा 'गवती चहा' ही वेगळी वनस्पती आहे. तो गवत कुळातील असून लिंबासारख्या वासासाठी त्याची पाती चहात टाकतात. त्यात कॅफीन नसते आणि त्याचा चहाच्या झाडाशी जवळचा संबंध नाही.

वर्गीकरण

कार्ल लिनीअस यांनी १७५३ मध्ये या वनस्पतीचे वर्णन 'थिया सायनेन्सिस' या नावाने केले. त्याच वर्षी त्यांनी 'कॅमेलिया' ही स्वतंत्र प्रजातीही नोंदवली. फिलिपीन्समध्ये वनस्पतींचा अभ्यास करणारे जेझुइट धर्मोपदेशक गेऑर्ग योझेफ कामेल यांच्या स्मरणार्थ हे नाव देण्यात आले. या दोन प्रजातींमध्ये मूलभूत फरक नाही, असे पुढे दिसून आले. १८१८ मध्ये रॉबर्ट स्वीट यांनी दोन्ही एकत्र करून 'कॅमेलिया' हे नाव स्वीकारले. सध्याचे 'कॅमेलिया सायनेन्सिस' हे नाव ओटो कुंट्झे यांनी १८८७ मध्ये प्रसिद्ध केले.

लागवडीखालील चहाचे दोन मुख्य प्रकार मानतात.

चिनी प्रकार : पाने लहान, जाडसर व गडद हिरवी असतात. झाड तुलनेने बुटके व अनेक खोडांचे असते. तो थंडी चांगली सहन करतो. दार्जिलिंगमधील अनेक जुने मळे या प्रकारचे आहेत.

आसामी प्रकार : पाने मोठी, पातळ व फिकट हिरवी असतात. एकच मुख्य खोड असलेला हा खरा वृक्ष आहे. उष्ण व दमट सखल प्रदेशात तो जोमाने वाढतो.

दोन्ही प्रकारांचा सहज संकर होतो. त्यामुळे मळ्यांतील बरीच झाडे मिश्र वंशाची आहेत.

थिएसी कुळातील इतर भारतीय वृक्षांत पूर्व हिमालय व ईशान्य भारतातील 'शिमा वॉलिची' महत्त्वाचा आहे. त्याला नेपाळीत 'चिलौने' आणि आसामीत 'मकरिसाल' म्हणतात. त्याच्या सालीमुळे त्वचेला खाज सुटते आणि नेपाळी नावात याच गुणाचा उल्लेख आहे. दक्षिण भारतात नीलगिरीसारख्या उंच डोंगरांवरील सदाहरित वनांत 'गॉर्डोनिया ऑब्ट्युसा' हा याच कुळातील वृक्ष आढळतो.

वर्णन

चहाची पाने साधी, एकाआड एक, लंबगोल व चिवट असून त्यांच्या कडा दातेरी असतात. त्यांची लांबी साधारणतः ४ ते १५ सेंमी. असते, तर आसामी प्रकारात ती याहून अधिक असू शकते. कोवळ्या पानांच्या खालच्या बाजूस पांढरी लव असते. पेयासाठी शेंड्याची कळी व तिच्याखालची दोन पाने खुडतात. पुढची पाने जून होत जातात आणि त्यांतील गुणकारी घटकांचे प्रमाण घटते.

फुले पांढरी, सुवासिक, २.५ ते ४ सेंमी. व्यासाची असून मध्यभागी पिवळ्या पुंकेसरांचा दाट झुबका असतो. ती पानांच्या बगलेत एकेकटी किंवा दोन-तीनच्या गटाने येतात. एका झाडाच्या परागाने त्याच झाडावर सहसा फलधारणा होत नाही. त्यामुळे बियांपासून वाढवलेली रोपे एकसारखी निपजत नाहीत. फळ तीन कप्प्यांचे असते व ते पिकण्यास सुमारे वर्ष लागते. म्हणून झाडावर नवी फुले आणि आधीच्या हंगामाची फळे एकाच वेळी दिसू शकतात.

हवामान व जमीन

चहाच्या झाडाला उबदार व दमट हवा, वर्षभर विभागून पडणारा पाऊस आणि पाण्याचा चांगला निचरा होणारी खोल जमीन लागते. १८ ते ३० अंश से. तापमानात कोंब उत्तम फुटतात. वार्षिक पाऊस सामान्यतः १,२०० मिमी.हून अधिक असावा लागतो. मात्र एकूण पावसाइतकेच महत्त्व त्याच्या वाटणीला आहे, कारण सदाहरित झाडाच्या पानांतून बाष्पोत्सर्जन बाराही महिने चालू राहते.

चहाची सर्वांत ठळक गरज म्हणजे आम्लधर्मी जमीन. मातीचा सामू ४.५ ते ५.५ असल्यास तो चांगला वाढतो. अशा मातीत ॲल्युमिनियम मोकळे होते. बहुतेक पिकांच्या मुळांना ते अपायकारक ठरते, परंतु चहाचे झाड ते शोषून जुन्या पानांत साठवते. याउलट चुनखडीयुक्त मातीत त्याची मुळे नीट वाढत नाहीत. सामू जास्त असल्याने लोह व मँगनीज मुळांना उपलब्ध होत नाहीत आणि पाने पिवळी पडतात.

वर्धा जिल्ह्यातील परिस्थिती

वर्धा जिल्हा दख्खनच्या बेसाल्ट खडकावर वसलेला आहे. या खडकापासून बनलेली काळी कसदार जमीन कापसासाठी प्रसिद्ध असून हिंगणघाट हे कापसाच्या जुन्या बाजारपेठांपैकी एक आहे. कापूस, सोयाबीन व तूर ही जिल्ह्यातील प्रमुख पिके आहेत. कापसाला मानवणारे या जमिनीचे गुण चहाला मात्र प्रतिकूल ठरतात.

पहिले कारण मातीच्या रासायनिक स्वरूपाचे आहे. काळी माती सामान्यतः अल्कधर्मी असून तिच्यात अनेक ठिकाणी चुनखडीचे खडे आढळतात. दुसरे कारण तिच्या पोताचे आहे. या मातीतील चिकण खनिजे पाणी शोषून फुगतात व वाळल्यावर आकुंचन पावतात. त्यामुळे पावसाळ्यात पाणी साचते आणि उन्हाळ्यात खोल भेगा पडतात. पहिल्या स्थितीत चहाची मुळे कुजतात, तर दुसऱ्या स्थितीत ती तुटतात.

तिसरे कारण हवामानाचे आहे. जिल्ह्यात वर्षाला सरासरी सुमारे १,००० ते १,१०० मिमी. पाऊस पडतो. त्यातील बहुतांश भाग जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच येतो. मे महिन्यात तापमान ४५ अंश से.च्या आसपास जाते व हवा अत्यंत कोरडी असते. सिंचनाने जमिनीतील ओलावा टिकवता येतो, पण हवेचा कोरडेपणा त्याने दूर होत नाही. हवा फार कोरडी असल्यास मुळांशी पुरेसे पाणी असूनही चहाच्या कोंबांची वाढ मंदावते.

जिल्ह्यातील नैसर्गिक वनस्पती याच हवामानाशी जुळवून घेतलेल्या आहेत. बोर अभयारण्यासह येथील वने शुष्क पानझडी प्रकारची असून त्यांत साग प्रमुख आहे. उन्हाळ्यापूर्वी पाने गाळून पाण्याची बचत करणे हा या वृक्षांचा उपाय आहे. चहाचे झाड मात्र पाने गाळत नाही. त्यामुळे वर्ध्यात विकली जाणारी चहापत्ती बाहेरच्या राज्यांतून येते.

लागवड

पूर्वी चहाची लागवड बियांपासून होत असे. आता निवडक झाडांच्या एका पानाच्या छाट कलमांपासून रोपे तयार करतात. त्यामुळे मळ्यातील झाडे एकसारखी निपजतात. सुरुवातीच्या वर्षांत शेंडा खुडून व फांद्या छाटून झाडाला आडवे पसरू देतात. त्यातून सपाट माथ्याचे झुडूप तयार होते व तिसऱ्या-चौथ्या वर्षापासून तोडणी सुरू होते. हंगामात साधारणतः ७ ते १० दिवसांच्या अंतराने कोंब खुडतात. फुलोरा व फळे येण्यात झाडाची शक्ती खर्च होऊ नये आणि सतत नवी पालवी फुटावी, हा ठरावीक वर्षांनी केल्या जाणाऱ्या खोल छाटणीचा हेतू असतो.

आसामच्या मळ्यांत शिरीष आणि दक्षिणेत सिल्व्हर ओक हे सावलीसाठी लावले जाणारे वृक्ष आहेत. आसामात हिवाळ्यात दिवस लहान झाल्यावर कोंबांची वाढ थांबते, तर दक्षिण भारतात जवळजवळ वर्षभर तोडणी चालते.

रासायनिक घटक व प्रक्रिया

चहाच्या कोवळ्या पानातील तीन घटक महत्त्वाचे आहेत. कॅफीनमुळे तरतरी येते. वाळलेल्या पानात त्याचे प्रमाण साधारणतः २ ते ४ टक्के असते. थिॲनीन हे अमिनो आम्ल चवीला गोलाई देते. तिसरा घटक म्हणजे पॉलिफिनॉल गटातील कॅटेचिने होत. तुरटपणा त्यांच्यामुळे येतो आणि जुन्या लेखनात त्यांनाच सरसकट 'टॅनिन' म्हटलेले आढळते.

हिरवा चहा, ऊलाँग व काळा चहा हे एकाच झाडापासून बनतात. त्यांतील फरक प्रक्रियेमुळे पडतो. हिरव्या चहासाठी पाने खुडल्यावर लगेच वाफवतात किंवा कढईत परततात. त्यामुळे पानातील एंझाइमे निष्क्रिय होतात व कॅटेचिने टिकून राहतात. काळ्या चहासाठी पाने सुकवून, चुरडून हवेशी संपर्कात ठेवतात. तेव्हा एंझाइमांमुळे कॅटेचिनांचे ऑक्सिडीभवन होऊन थिआफ्लेविन व थिआरुबिगिन ही रंगीत संयुगे तयार होतात. चहा उद्योगात या क्रियेला 'आंबवणे' म्हणतात, परंतु तीत सूक्ष्मजंतूंचा मुख्य सहभाग नसतो.

भारतात बहुतेक चहा 'सीटीसी' पद्धतीने, म्हणजे पाने दातेरी रुळांमधून चिरडून, फाडून व वळवून बनवतात. या पद्धतीचे यंत्र १९३० च्या सुमारास आसाममध्ये विकसित झाले. त्यातून निघणारी बारीक दाणेदार पत्ती पाण्यात लवकर उतरते व थोडक्यात गडद रंग देते. दूध-साखर घालून उकळलेल्या चहासाठी महाराष्ट्रात हीच पत्ती प्रामुख्याने वापरली जाते.

भारतातील इतिहास

आसामातील सिंगफो समाजाला या झाडाची व त्याच्या पानांच्या पेयाची माहिती पूर्वीपासून होती. १८२३ मध्ये रॉबर्ट ब्रूस या व्यापाऱ्याला सिंगफो प्रमुखाकडून या झाडांची माहिती मिळाली. मणिराम दिवाण यांनी त्याला त्या प्रमुखाकडे जाण्यास सुचवले होते, असे सांगितले जाते. ही झाडे म्हणजे खरा चहाच आहे, हे कलकत्त्यातील वनस्पतिशास्त्रज्ञांनी मान्य करण्यास १८३४ साल उजाडले. त्याच वर्षी गव्हर्नर जनरल लॉर्ड विल्यम बेंटिंक यांनी चहा लागवडीच्या शक्यता तपासण्यासाठी समिती नेमली होती. आसामी चहाची पहिली खेप १८३९ च्या जानेवारीत लंडनमध्ये लिलावात विकली गेली आणि त्याच वर्षी आसाम कंपनीची स्थापना झाली. स्वतः चहाचा मळा उभारणाऱ्या मणिराम दिवाण यांना १८५७ च्या उठावातील सहभागाबद्दल १८५८ मध्ये फाशी देण्यात आली.

मळ्यांसाठी छोटा नागपूर, मध्य प्रांत व इतर भागांतून मजूर करारावर नेले जात. मे १९२१ मध्ये असहकार आंदोलनाच्या काळात सुरमा खोऱ्यातील चारगोला भागातील हजारो मजुरांनी गांधीजींचा जयजयकार करीत मळे सोडले. चांदपूर येथे अडकून पडलेल्या या मजुरांवर गुरखा शिपायांकरवी बळाचा वापर करण्यात आला.

हा चहा प्रारंभी मुख्यतः निर्यातीसाठी होता. १९०३ मध्ये चहावर उपकर बसवून त्याच्या प्रसारासाठी निधी उभारण्यात आला. विशेषतः १९३० च्या दशकात देशांतर्गत बाजारपेठ वाढवण्यासाठी मोठी मोहीम राबवण्यात आली. रेल्वे स्थानके, कारखाने, बाजार व जत्रा येथे चहा तयार करून दाखवणे, देशी भाषांत फलक लावणे असे तिचे स्वरूप होते. आज भारत चीनखालोखाल जगातील दुसऱ्या क्रमांकाचा चहा उत्पादक आहे. २०२३ मध्ये देशात सुमारे १३९ कोटी किलोग्रॅम चहाचे उत्पादन झाले. त्यातील बहुतांश चहा देशातच वापरला जातो.

वर्धा आणि चहाविषयक विचार

चहाच्या प्रसाराची मोहीम देशभर जोरात असतानाच वर्ध्यात आहार व ग्रामीण उत्पादन यांविषयी वेगळा विचार आकार घेत होता. जमनालाल बजाज यांच्या आग्रहावरून गांधीजी १९३४ मध्ये वर्ध्यास आले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाची स्थापना झाली. संघाचे मुख्यालय वर्ध्यातील मगनवाडी येथे होते आणि जे. सी. कुमारप्पा हे त्याचे संघटक होते. हातसडीचा तांदूळ, घाणीचे तेल, गूळ, मधमाश्यापालन, तसेच ताडगूळ व नीरा यांना संघाने उत्तेजन दिले. गावाच्या गरजा शक्यतो गावातील उत्पादनातून भागाव्यात, ही त्यामागील भूमिका होती. दूरच्या मळ्यांतून येणारे आणि शरीराला आवश्यक नसलेले पेय या भूमिकेत बसणारे नव्हते. एप्रिल १९३६ मध्ये गांधीजी शेगाव या खेड्यात राहावयास गेले. पुढे त्याचे नाव सेवाग्राम झाले.

गांधीजींनी आहाराविषयीचे विचार दक्षिण आफ्रिकेत असताना 'इंडियन ओपिनियन'मध्ये मांडले होते. १९४२ मध्ये पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये स्थानबद्ध असताना 'आरोग्यनी चावी' या गुजराती पुस्तकात त्यांनी ते नव्याने लिहिले. त्यात चहा, कॉफी व कोको यांवर स्वतंत्र प्रकरण आहे. या तिन्हींची शरीराला गरज नाही, असे त्यांचे मत होते. चहाविषयी मात्र त्यांनी एक भेद केला आहे. गाळणीत थोडी पत्ती ठेवून तिच्यावर उकळते पाणी ओतले आणि पाण्याला फिकट रंग येताच ते वापरले, तर ते निरुपद्रवी असते. त्यांचा आक्षेप पत्ती उकळून केलेल्या चहावर आहे. कातडी कमावण्यासाठी वापरले जाणारे टॅनिन अशा चहात उतरते, जठर व आतड्यांच्या आतील आवरणावर तसाच परिणाम करते आणि त्यामुळे पचन बिघडते, असे त्यांचे प्रतिपादन होते.

टॅनिनविषयी आजचे आकलन

या आक्षेपातील काही भाग आजच्या विज्ञानाशी जुळतो, तर काही जुळत नाही. पत्ती जितका अधिक वेळ उकळावी तितकी पॉलिफिनॉले अधिक उतरतात, हे खरे आहे. ही संयुगे प्रथिनांना चिकटतात, हेही खरे असून चहा पिताना जिभेला जाणवणारा तुरटपणा लाळेतील प्रथिनांशी होणाऱ्या याच क्रियेमुळे येतो. तथापि चहातील पॉलिफिनॉले आणि कातडी कमावण्यासाठी वापरली जाणारी टॅनिने एकसारखी नाहीत. नेहमीच्या प्रमाणात चहा घेतल्याने पोटाचे आवरण कमावलेल्या कातड्यासारखे होते, असे आधुनिक वैद्यक मानत नाही. शिवाय दुधातील केसीन हे प्रथिन पॉलिफिनॉलांशी बांधले जात असल्याने दूध घातलेल्या चहाचा तुरटपणा कमी होतो.

पॉलिफिनॉलांचा स्पष्टपणे सिद्ध झालेला एक दुष्परिणाम लोहाच्या शोषणाशी संबंधित आहे. धान्ये, डाळी व पालेभाज्या यांतील लोह पॉलिफिनॉलांशी बांधले जाऊन आतड्यात कमी शोषले जाते. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार भारतातील १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. त्याची कारणे अनेक असून चहा हे त्यांतील एकमेव किंवा मुख्य कारण नाही. मात्र मुख्यतः शाकाहारी आहार असलेल्या व्यक्तींच्या बाबतीत जेवणासोबत चहा घेतल्याने आधीच अपुऱ्या असलेल्या लोहात भर पडते ती तुटीची. त्यामुळे जेवण किंवा लोहाच्या गोळ्या आणि चहा यांत किमान तासाभराचे अंतर ठेवण्याचा सल्ला दिला जातो. लिंबू, आवळा किंवा पेरू यांसारख्या क जीवनसत्त्वयुक्त पदार्थांमुळे लोहाचे शोषण वाढते.

हेही पहा

गवती चहा
आसाम चहा
सेवाग्राम
अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ
वर्धा जिल्हा